निळा कुठे संपतो

शाईला मधलं काही कळत नाही. ती कापडावर असते किंवा नसते. निळ्या शाईला "जरा फिकी हो" असं कितीही लाडीगोडीने सांगितलं तरी ती ढिम्म. म्हणून शर्टावर गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत रंग उतरवत न्यायचा असेल, तर बघणाऱ्याच्या डोळ्यांना फसवावं लागतं. वर मोठे ठिपके एकमेकांना चिकटून, मग लहान, मग आणखी लहान, शेवटी टाचणीच्या टोकाएवढे आणि विरळ. चार पावलं लांबून पाहिलं की रंग विरघळत गेल्यासारखा वाटतो. हे फसवणुकीचं काम दादा गेली एकतीस वर्षं अत्यंत प्रामाणिकपणे करत होता.

ठिपके दादा करायचा आणि छापायचा बाळ. बाळ त्रेपन्न वर्षांचा होता. भावंडांत शेवटचा असल्यामुळे त्याला त्या नावातून बढती मिळण्याची शक्यता उरलेली नव्हती.

दोघांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी दादाचं टेबल, त्यावर संगणक, भिंग आणि ठिपक्यांची पारदर्शक फिल्म तपासायची खालून उजेड येणारी काच. तिथून आठ फुटांवर बाळचं छपाईचं टेबल. खिडकीशी मावशी बसत. मावशी कुणाच्याच मावशी नव्हत्या. छापलेल्या शर्टांच्या घड्या घालायला त्या बावीस वर्षांपूर्वी लागल्या होत्या, आणि गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. त्या आठ फुटांवरून निरोपांची ने-आण करत.

"मावशी, त्यांना सांगा फिल्म झाली."

"धाकटे, फिल्म झाली."

"ऐकलं म्हणावं."

"मोठे, त्यांनी ऐकलं."

"ते मीही ऐकलं."

"मग मला कशाला मधे घेता?" असं मावशी रोज एकदा विचारत आणि पुढची घडी घालत. भांडणाआधी दोघे भाऊ एकमेकांना अरे-तुरे करायचे. भांडणानंतर दोघांचे 'ते' झाले. एवढा मान त्यांना दुकानाबाहेर कुठेच मिळत नसे.

भांडण वाघावरून झालं होतं. एका शाळेच्या संघासाठी वाघाचं तोंड छापायचं होतं, गालाशी गडद आणि नाकाशी उजळ. छापून आलं तेव्हा सगळे ठिपके फुगून एकमेकांत मिसळले होते, आणि संघ छातीवर अस्वल घेऊन मैदानात उतरला. हरला, पण तो दोष अस्वलाचा होता असं म्हणता येणार नाही.

"तुझा हात जड आहे," दादा म्हणाला होता.

"तुझी फिल्म काळी आहे," बाळ म्हणाला होता.

दोघांनी आपापलं वाक्य त्या दुपारी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मावशींना दोन्ही पाठ झाली. त्यानंतर दोघांनीही नवीन वाक्य शोधलं नाही.

आता, चौकटीवर ताणलेल्या स्क्रीनच्या जाळीतून शाई कापडावर उतरते तेव्हा ठिपका थोडा फुगतोच. किती फुगेल ते स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, हातात कोणी धरली आहे यावर. भांडणानंतरच्या सोमवारी दादाने उरलेला एक अस्वलरूपी वाघ घरी नेला, भिंगाखाली धरला आणि बाळच्या हाताचं माप काढलं. तेव्हापासून तो प्रत्येक फिल्ममधला प्रत्येक ठिपका बाळच्या हातासाठी मुद्दाम लहान करत असे. पन्नासाचा हवा तिथे बत्तिसाचा. अठरा टक्के कापायचे, ठरलेले. संगणकात त्या सेटिंगचं नाव होतं 'वाघ'. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बाळला वाटलं असतं की दादा आपल्यासाठी काहीतरी करतो, आणि चालू भांडणात असा गैरसमज परवडत नाही.

तर अशी अकरा वर्षं सुरळीत चालली होती. मग मंगळवारी ताई आली.

ताई दोघांपेक्षा मोठी. ती आली की दोघेही उभे राहत; उठण्याच्या बाबतीत त्यांच्यात कधी मतभेद झाला नव्हता.

"आईच्या गायनवृंदाचा कार्यक्रम आहे शनिवारी," ताई म्हणाली. "चाळीस जणी. चाळीस शर्ट. गळ्याशी गडद निळा, आणि तो खाली उतरत उतरत पांढऱ्यात जाणार. निळा कुठे संपला ते कुणाला कळता कामा नये."

"होईल," दादा म्हणाला.

"होईल," बाळ म्हणाला.

"तुम्ही हे एकमेकांना सांगताय की मला?"

"तुला," दोघेही म्हणाले.

ताईने खुर्ची ओढली. "हे बघा. आईने तालमीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी मुलं करतील म्हणून. मुलगा नाही, मुलं. त्या बायकांत एक आहे, तिच्या जावयाकडे ते चौकातलं डिजिटल मशीन आहे. कॉम्प्युटरवर बटण दाबलं की शर्ट बाहेर. ती टपून बसलीय. तुमचं नाही जमलं, तर शुक्रवारी पाच वाजता मी काम तिकडे देणार, आणि आई रंगमंचावर त्या जावयाचा शर्ट घालून उभी राहणार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. कळलं?"

कळलं. दादाच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं आणि काही केल्या बसेना : दुसऱ्याच्या जावयाच्या शर्टात आई.

त्या संध्याकाळी घरी आईने विचारलं, "दोघं मिळून करणार ना रे?"

आई दादाकडे राहत होती. दर रविवारी बाळही जेवायला येई आणि दोघे भाऊ आईच्या उजव्या-डाव्या हाताला बसून आईशी बोलत. आई वृंदात मधल्या पट्टीत गायची, त्यामुळे तिला दोन सुरांच्या मधे टिकून राहायची सवय होती.

"हो, मिळूनच," दादा म्हणाला.

"बोलता ना तुम्ही दोघं?"

"कामापुरतं."

हे उत्तर मोजून दिलेलं होतं. काम मावशींमार्फत व्हायचं, हा तपशील त्यात बसला नाही, एवढंच.

बुधवारी सकाळी दादाने फिल्म करायला घेतली. रोजच्यासारखी 'वाघ' सेटिंग लावली आणि मग त्याचा हात थांबला. आईचं काम. बाळचा हात नेमका आज आणखी जड पडला तर? त्याने अठराचे पंचवीस केले. मग भिंग लावून तळाचे सगळ्यांत बारीक ठिपके पाहिले आणि स्वतःच्या सावधगिरीवर खूश झाला.

बाळने स्क्रीनला इमल्शनचा, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या रसायनाचा, थर दिला, अंधाऱ्या खोलीत वाळवला, फिल्म लावून दिव्याखाली धरला, पाण्याने धुतला. दुपारी पहिला शर्ट काढला. मावशींनी तो खिडकीशी धरला. तिघेही पाहत राहिले.

छातीच्या मधोमध निळा थांबला होता. विरघळला वगैरे नव्हता. थांबला होता. खालच्या बारीक ठिपक्यांपैकी निम्मे जाळीत उमटलेच नव्हते आणि उरलेले कापडावर उतरलेच नव्हते. घालणारी बाई छातीपर्यंत बुडून वेळेत बाहेर काढल्यासारखी दिसली असती, फक्त उलटी.

"ही रेघ आहे," संध्याकाळी ताई म्हणाली. तिने बोट ठेवलं. "इथे निळा संपतो. मला कळतंय. मला कळतंय म्हणजे त्या बाईलाही कळणार."

दादा भिंग घेऊन बसला. वरचे मोठे ठिपकेही काठाने कोरल्यासारखे आखीव आले होते. जड हाताने असे येत नाहीत. म्हणजे याने हात हलका केला! अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही न सांगता! दादाच्या मनात राग आला, पण त्याच्या जोडीला दुसरंही काहीतरी आलं, ते त्याने बाजूला सारलं. ठीक आहे, तो म्हणाला, आपल्याशीच. तू हात हलका करतोस ना, मग मीही कापत नाही. गुरुवारी त्याने 'वाघ' सेटिंग पूर्ण काढून टाकली. फिल्म पुस्तकात असते तशी झाली.

इकडे बाळनेही बुधवारचा शर्ट रात्री घरी नेला होता, हे दादाला ठाऊक नव्हतं. आणि बाळ कोणत्या निष्कर्षाला आला होता, हे दुकानात एकाच माणसाला विचारता आलं असतं. त्या माणसाशी दादा बोलत नव्हता.

गुरुवारी बाळ स्क्वीजी घेऊन टेबलापाशी उभा राहिला, त्याने पाय रोवले, खांदा पुढे घातला आणि शाई अशी ओढली की टेबल दोन बोटं सरकलं. मग परत एकदा ओढली, राहून जायला नको म्हणून.

मावशींनी शर्ट खिडकीशी धरला. गळ्यापासून बेंबीपर्यंत एकच निळा होता.

"हा निळा शर्ट आहे," संध्याकाळी ताई म्हणाली. "निळे शर्ट बाजारात मिळतात."

तिने शर्ट टेबलावर टाकला.

"उद्या पाच वाजता," ताई म्हणाली आणि निघाली. दारात वळून म्हणाली, "काल पांढरा, आज निळा. दोघांनी दोन बाजूंनी ओढल्यासारखं चाललंय तुमचं."

ती गेल्यावर दादाला घाम फुटला. तिला काही माहीत नव्हतं, तरी ती बरोबर बोलली होती. उद्या तो हात हलका करेल की जड? हलका करेल असं धरून आपण न कापता फिल्म दिली, आणि काल पांढरा आला म्हणून त्याने पुन्हा जड केला, तर? जड धरून कापली, आणि आज निळा आला म्हणून त्याने हलका केला, तर? उद्या शुक्रवार. स्क्रीन करायला अर्धा दिवस. एकच संधी.

"मावशी," दादा म्हणाला, "त्यांना विचारा..."

"विचारते सोमवारी," मावशी म्हणाल्या. त्या पिशवी भरत होत्या.

"सोमवारी? उद्या?"

"उद्या माझी रजा आहे."

"उद्या? अहो, आईचे शर्ट आहेत! काही कारण?"

"कारण कशाला लागतं? हक्काची आहे. बावीस वर्षांत नऊ घेतल्यात." त्यांनी पिशवीचा बंद बांधला. "तुमच्या आईला सांगा, मी शनिवारी येणार आहे ऐकायला."

शुक्रवारी दुकानात दोघेच. इतकी शांतता होती की रस्त्यावरच्या सायकलची साखळी ऐकू येत होती. दादाने पाच-सहा वेळा घसा साफ केला. प्रत्येक वेळी बाळने पाठ आणखी वळवली.

शेवटी दादाने चिठ्ठी लिहिली. 'आज हात हलका ठेवणार की जड? कळवावे.' 'कळवावे' हा शब्द त्याला विशेष आवडला. त्यात शरणागती नव्हती. तो उठला, आठ फूट चालला, चिठ्ठी बाळच्या टेबलावर ठेवली आणि परत येऊन बसला.

बाळने चिठ्ठी उचलली. डोळ्यांजवळ नेली. मग हात लांब केला. मग आणखी लांब केला, हात संपेपर्यंत. मग दिव्याखाली धरून मान तिरकी केली. मग चिठ्ठी शाईच्या डब्याखाली सरकवून दिली आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

दादाने घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. स्क्रीन दहाच्या आत करायला घेतला नाही तर संपलं. त्याच्यासमोर पुन्हा तो जावई आला, या वेळी हसत.

"चष्मा कुठाय?" दादा म्हणाला.

एवढंच निघालं. अकरा वर्षं मनात जपून ठेवलेल्या वाक्यांपैकी हे नव्हतं.

बाळ वळला. त्याने आधी खिडकीकडे पाहिलं, मावशी आल्यात की काय म्हणून.

"मावशींच्या पिशवीत," तो म्हणाला.

"त्यांच्या पिशवीत कशाला?"

"मी विसरतो म्हणून त्या ठेवतात. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या त्याच वाचून दाखवतात."

"आणि त्या रजेवर."

"हो ना."

दोघांनाही त्या रजेबद्दल एकदमच काहीतरी सुचलं, पण मावशींबद्दल असा विचार करायची दुकानात पद्धत नव्हती.

"काय लिहिलंय?" बाळने विचारलं.

दादाने खुर्चीचे हात धरले. "मी अठरा टक्के कापतो," तो म्हणाला.

"काय कापतोस?"

"ठिपके. प्रत्येक फिल्ममध्ये. तुझा हात जड आहे म्हणून."

"कधीपासून?"

"वाघापासून."

बाळ हळूच स्टुलावर बसला. कितीतरी वेळ तो उजव्या खांद्यावर डावा हात ठेवून बसला होता. तो हात तिथे नेहमीच असतो, हे दादाला तेव्हा आठवलं. मावशी मधूनमधून मलम आणतात हेही आठवलं. धाकट्यांचा खांदा, असं त्या म्हणायच्या. दादा फिल्मकडे बघत राहायचा.

"वाघानंतर मी हात हलका केला होता," बाळ म्हणाला.

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, दादा म्हणतोय तर बघू. आठवडाभर हलका ओढला. पण तुझ्या फिल्मी अशा पातळ यायला लागल्या की कापडावर काही उतरेच ना. म्हणून मग दाबायला लागलो. तेव्हापासून दाबतोय."

"मी वाघावरून माप घेतलं होतं."

"वाघावरूनच घेतलंस ना. नंतर कधी घेतलंस?"

दादाने खाली पाहिलं. मापाचं भिंग टेबलावर होतं. अकरा वर्षं ते रोज तिथेच होतं.

"मावशींना सांगायचंस," तो शेवटी म्हणाला. "फिल्म पातळ आहे म्हणून."

"तू म्हणाला असतास, त्यांना सांगा हात जड आहे."

"म्हणालो असतो," दादाने कबूल केलं.

"बुधवारी आईचं काम म्हणून परत हलका केला," बाळ म्हणाला. "तर ते तसलं आलं."

"बुधवारी आईचं काम म्हणून मी पंचवीस कापले."

बाळ हसला नाही, पण त्याच्या नाकातून थोडी हवा गेली. "म्हणजे तुझी फिल्म काळी होती की नाही? वाघाची?"

"तुझा हात जड होता."

"फिल्म काळी होती."

"हे बघ, नऊ पंचवीस झालेत."

"बरं, मग आज किती?"

"मी काहीच कापत नाही. तू हलका ओढ."

"हलका म्हणजे किती? अकरा वर्षांत विसरलोय मी हलका."

"मग बारा कापतो."

"बारा म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त चूक माझी. सहा."

"सहा म्हणजे माझी."

नऊवर ठरलं. नऊ हा आकडा कुठल्याही पुस्तकात नाही. दादाने सेटिंग केली. नाव द्यायला संगणकाने जागा दाखवली, ती त्याने रिकामी सोडली. फिल्म काढून तो स्वतः आठ फूट चालत गेला आणि स्क्रीनवर ती सरळ बसते का ते दोघांनी दोन बाजूंनी धरून पाहिलं. बाळने पहिला हात ओढला तेव्हा दादा शेजारीच उभा होता.

"खांदा खाली ठेव," तो म्हणाला.

"कळतंय मला."

"नुसतं वजन पडू दे. ढकलू नको."

"दादा, तू जाऊन बस."

तो गेला नाही. दुपारी साडेतीनला चाळिसावा शर्ट तारेवर होता. घड्या दोघांनी घातल्या. त्या मावशींच्या घड्यांच्या पासंगालाही पुरणाऱ्या नव्हत्या.

पाचला ताई आली. तिने एक शर्ट उचलला, उजेडाला धरला, गळ्यावर बोट ठेवून खाली आणलं, पुन्हा वर नेलं. बोट कुठेच थांबलं नाही.

"कुठे संपतो?" तिने विचारलं.

"खालीच कुठेतरी," बाळ म्हणाला.

"नेमका कुठे?"

"ते मलाही माहीत नाही," दादा म्हणाला. "नऊ टक्क्यांत सगळं विरून जातं."

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बोलताय वाटतं."

"कामापुरतं," दोघे म्हणाले.

शनिवारी सभागृहात ताई दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसली, कारण अकरा वर्षांची सवय. ते दोघे तिच्या मांडीवरून इतकं बोलायला लागले की तिने उठून जागा बदलली आणि मागच्या रांगेत मावशींशेजारी जाऊन बसली. मावशींनी पिशवीतून चष्म्याची डबी काढून पुढे दिली. "राहिला होता," त्या म्हणाल्या.

पडदा उघडला. चाळीस जणी तीन रांगांत उभ्या होत्या. आई मधल्या रांगेत, डावीकडून चौथी. चाळीसही जणींनी गाण्यांच्या काळ्या फायली उघडून छातीशी धरल्या होत्या.

गळ्याशी निळा दिसत होता. मग फाइल. फायलीखाली पांढरा.

"सगळा मधला भाग फायलीमागे आहे," बाळ कुजबुजला.

"दिसतंय मला."

"दोन तुकडे शिवल्यासारखं दिसतंय."

"तिथे ताईला बोट ठेवता आलं असतं."

"फाइल जरा खाली धरायला सांगायला हवं होतं."

"कुणी? तू सांगायचंस."

"मी छापतो. आखणी तुझी."

मागून ताई म्हणाली, "गप्प बसा."

गाणं सुरू झालं. दोघे मान ताणून बसले. पहिलं कडवं संपलं, आणि चाळीस जणींनी एकदम पान उलटलं. उलटताना फायली क्षणभर बाजूला झाल्या, आणि आईच्या गळ्यापासून पोटापर्यंत तो निळा अलगद उतरत गेला आणि कुठे संपला ते कळलं नाही. मग फायली परत जागेवर.

बाळने चष्मा नाकावर नीट बसवला. "मोठं गाणं आहे का?"

"आई तालीम करायची घरी. सात पानं."

"म्हणजे अजून पाच वेळा."

"पुढच्यात अकरा आहेत."

दोघे सरसावून बसले. दुसरं कडवं रंगात आलं होतं, सगळं सभागृह आवाजाकडे कान लावून होतं, आणि वृंदाने पान उलटलं तेव्हा पाचव्या रांगेत दोन माणसांनी टाळ्या वाजवल्या.

आईने फायलीवरून पाहिलं. सूर सोडला नाही. पण पुढचं पान तिने जरा सावकाश उलटलं.